मिताक्षरा आणि स्वयंचलित दिवा

घरातील दिवे, पंखे, पडदे, कुलुपे आणि पाण्याची मोटर माणसाचा हात न लागता संगणकाच्या हुकमावरून चालवण्याच्या विद्येला गृहस्वयंचलन म्हणतात. या विद्येचा अभ्यास आजवर अभियंत्यांनी केला असला तरी तो खरे पाहता धर्मशास्त्राच्या जाणकारांकडे सोपवायला हवा होता. याचे कारण असे की या क्षेत्रातील मोठे प्रकल्प मुक्तस्रोत असतात, म्हणजे त्यांची मूळ आज्ञावली कोणालाही वाचता, नकलून घेता आणि बदलता येते; आणि अशा प्रकल्पाची घडण कंपनीसारखी नसते, सहकारी संस्थेसारखीही नसते (तिथे वार्षिक सभेला निदान चहा मिळतो), तर कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवरील आपल्या मिताक्षरा या टीकेत ज्या अविभक्त कुटुंबाचा विचार केला, त्याच्याशी ती तंतोतंत जुळते.

मिताक्षरेनुसार वडिलार्जित मिळकतीत वारसाला जन्मतःच हक्क मिळतो, मधे कोणाचा अडथळा नसतो, म्हणून या वारशाला अप्रतिबंध दाय असे नाव आहे. मुक्तस्रोत आज्ञावलीत हा हक्क जन्माऐवजी ती उतरवून घेतल्याने प्राप्त होतो, एवढाच फरक. अशा कुटुंबाचा कारभार पाहणाऱ्यास कर्ता म्हणतात. त्याला सामान्यतः पगार नसतो, घरातील प्रत्येकाचे पोषण त्याच्याकडे असते, आणि कोणताही सहदायाद, म्हणजे मिळकतीतला सहवारस, वाटेल त्या दिवशी उठून वाटणी मागू शकतो. मुक्तस्रोत प्रकल्पातील कर्त्यास इंग्रजी वळणाने मेंटेनर म्हणतात. त्याचे कर्तव्य, त्याचे अधिकार आणि त्याची झोप यांचे प्रमाण मात्र विज्ञानेश्वराच्या काळापासून फारसे बदललेले नाही.

उदाहरणादाखल या क्षेत्रातील आज सर्वांत गजबजलेले कुटुंब घेता येईल. फिलिप्स कंपनीने ऑक्टोबर २०१२ मध्ये ‘ह्यू’ नावाचे, संगणकाचे ऐकणारे दिवे बाजारात आणले, आणि पॉलस स्खाउत्सन या डच प्रोग्रामरने २०१३ मध्ये पायथन भाषेत एक छोटी आज्ञावली लिहून सूर्य मावळताच ते दिवे आपोआप लागतील अशी सोय केली. ‘होम असिस्टंट’ या नावाच्या प्रकल्पाचे हे मूळ. तिन्हीसांजेला दिवा लावण्याचे हे काम मराठी घरात पिढ्यान्‌पिढ्या ठराविक व्यक्तीकडे, काडेपेटीच्या साहाय्याने, विनातक्रार चालत आले असल्याने त्यासाठी आज्ञावली लिहावी लागते हे पहिल्या वाचनी पटत नाही. त्यातही ही आज्ञावली सूर्यास्त ठरवते तो अक्षांश, रेखांश आणि दिनांक यांवरून गणिताने. पंचांगकर्त्यांना ही रीत आवडली असती, पण आषाढातल्या मुंबईत दुपारी चार वाजता घरात काळोख दाटतो तेव्हाही गणिती सूर्य सव्वासातपर्यंत मावळायला तयार नसतो. यावर उपाय म्हणून खिडकीत उजेड मोजणारे यंत्र, म्हणजे सेन्सर, बसवावा लागतो, मग त्या सेन्सरची बॅटरी संपत आल्याची सूचना देणारी दुसरी आज्ञा लिहावी लागते, आणि ती सूचना मध्यरात्री येऊ नये म्हणून तिसरी.

या कुटुंबाला पूर्वज नव्हते असे नाही. स्कॉटलंडमधील ग्लेनरॉथिस येथे १९७५ च्या सुमारास एक्स-१० ही पद्धत तयार झाली, जिच्यात आज्ञा घरातल्या विजेच्या तारांतूनच धावत. सोळा गृहसंकेत आणि प्रत्येकात सोळा उपकरणे, असे एकूण २५६ पत्ते तिच्यात होते. परंतु विजेची तार कुंपणापाशी थांबत नसल्याने शेजाऱ्याचाही गृहसंकेत तोच निघाला तर त्याने स्वतःचा दिवा मालवताच आपल्याकडे अंधार होई. वाड्यात राहिलेल्यांना यात नवल वाटण्यासारखे काही नाही.

दिवा लागला आहे की नाही, हा प्रश्न सामान्य माणूस मान वर करून सोडवतो. आज्ञावलीला मान नसल्यामुळे तिला त्यासाठी किमान चार उत्तरे बाळगावी लागतात: लागलेला, विझलेला, अज्ञात आणि अनुपलब्ध. यांपैकी अज्ञात म्हणजे दिवा आहे पण त्याच्या स्थितीविषयी अद्याप काही कळलेले नाही, आणि अनुपलब्ध म्हणजे दिव्याशी बोलणेच तुटले आहे. नागार्जुनाच्या माध्यमिक विचारातील चतुष्कोटी किंवा जैन तर्कशास्त्रातील ‘अवक्तव्य’ ज्याने अभ्यासले आहे त्याला या यादीत काही नवे आढळणार नाही. जुन्या एसीसारखी काही उपकरणे तर रिमोटची आज्ञा ऐकतात पण उत्तर देत नाहीत, आणि त्यांच्या बाबतीत आज्ञावली ‘गृहीत स्थिती’ नावाची पाचवी सोय करते: निरोप्याने दाराबाहेरून हाक मारायची, आतून कोणी ओ दिली नाही तरी निरोप पोचला असे समजायचे आणि माघारी यायचे. अशा उपकरणांसाठी पडद्यावर चालू-बंदचा एकच खटका न दाखवता दोन स्वतंत्र बटणे दाखवतात, म्हणजे सत्य काय ते वापरणाऱ्याने स्वतःच्या जबाबदारीवर ठरवावे. ज्ञानमीमांसेतला इतका प्रामाणिकपणा इतर कोणत्याही घरगुती उपकरणात आढळत नाही.

याहून मौजेचा भाग भाषेचा आहे. घराचे नियम लिहिण्यासाठी या प्रकल्पात यॅमल नावाची मांडणी वापरली जाते, जिच्यात कोणती ओळ कोणाच्या पोटात येते हे केवळ ओळीपूर्वी सोडलेल्या मोकळ्या जागांवरून ठरते, आणि ती जागा टॅबची कळ दाबून सोडलेली चालत नाही. परिणामी एक जागा कमी पडली म्हणून जिन्यातला दिवा न लागण्याचा, आणि ती चूक, शून्यात शून्य शोधावे तशी, डोळ्यांना न दिसण्याचा अनुभव या संप्रदायात उपनयनासारखा मानला जातो. या मांडणीच्या १.१ या आवृत्तीत आणखी एक खोच अशी की ‘ऑन’ आणि ‘ऑफ’ हे इंग्रजी शब्द अवतरणचिन्हांविना लिहिले तर ते शब्द राहत नाहीत, ‘सत्य’ आणि ‘असत्य’ या तार्किक मूल्यांत त्यांचे रूपांतर होते. याच न्यायाने नॉर्वे देशाचे ‘एन्‌ओ’ हे लघुनाम नकार समजले जाऊन आख्खा देश असत्य ठरतो. नॉर्वेची गरज घरात क्वचितच पडते. परंतु दिवा लावणे आणि मालवणे एवढ्याच दोन क्रियापदांवर ज्या आज्ञावलीचा संसार चालायचा, तिने नेमकी तीच दोन क्रियापदे कानाआड करणारी लिपी निवडावी, याला योगायोग म्हणणे जड जाते. मांडणीची १.२ ही सुधारित आवृत्ती २००९ मध्येच निघाली होती आणि तिच्या नेहमीच्या नियमांत ही खोच नाही, पण कुटुंबात रूढ झालेली रीत शास्त्राने बदलत नाही, हेही धर्मशास्त्राला ठाऊक आहे.

कुटुंब वाढते ते सोयरिकीने. प्रत्येक कंपनीचे उपकरण या आज्ञावलीशी बोलू शकावे म्हणून जी स्वतंत्र जोडणी लिहावी लागते तिला इंटिग्रेशन म्हणतात, आणि अशा जोडण्यांची संख्या हजाराच्या पुष्कळ पुढे गेलेली आहे. त्यांतील बहुतेक कोणा ना कोणा हौशी माणसाने आपल्या घरी असलेल्या एका यंत्रासाठी लिहिलेल्या असतात. पुढे तो घर बदलतो, यंत्र विकून टाकतो, त्याला मूल होते, आणि जोडणी मात्र त्याच्या नावावर राहते, त्यामुळे ज्या वॉशिंग मशीनचे तोंड त्याने तीन वर्षांत पाहिलेले नाही तिच्या आजाराची वार्ता त्याला जगाच्या दुसऱ्या टोकावरून येत राहते. कर्त्याची पंचाईत आणखी मोठी असते, कारण ते यंत्र त्याच्या घरी कधीच आलेले नसते आणि न पाहिलेल्या रोग्याला न पाहिलेले औषध त्याने द्यावे अशी अपेक्षा असते.

सोयऱ्यांचा स्वभावही विचारात घ्यावा लागतो. घरातले दिवे आणि दारे सांभाळणारी ‘रिव्हॉल्व्ह’ ही तीनशे डॉलरची पेटी तयार करणारी कंपनी ‘नेस्ट’ने २०१४ मध्ये विकत घेतली आणि मे २०१६ मध्ये पेटीमागची सेवा बंद केली, तेव्हा चालती यंत्रे एका दिवसात कागदावर ठेवायच्या वजनाची झाली. ‘इन्स्टिऑन’ या अशाच दुसऱ्या कंपनीचे सर्व्हर एप्रिल २०२२ मध्ये पूर्वसूचनेविना थंडावले आणि पुढे काही ग्राहकांनी मिळून कंपनीच विकत घेतली, म्हणजे सून नांदेना म्हणून सासरच्यांनी माहेर खरेदी केले. २०२३ मध्ये गॅरेजची दारे बनवणाऱ्या ‘चेंबरलेन’ने बाहेरच्या आज्ञावल्यांना आपल्या सेवेचे दार लावून घेतले, आणि होम असिस्टंटने ती जोडणी काढून टाकली. हे तिन्ही प्रसंग ज्यांनी भोगले त्यांनी बोटे कोणाकडे दाखवली, हा अभ्यासाचा खरा विषय होय: दार कंपनीने लावले, पण घरातली माणसे रुसली ती कर्त्यावर, कारण कंपनीचा पत्ता सापडत नाही आणि कर्त्याचा सापडतो.

तक्रारीचे स्वरूप जवळजवळ ठरलेले असते. तक्रारीच्या नमुन्यात आवृत्ती कोणती, यंत्र कोणते, काय अपेक्षित होते, प्रत्यक्षात काय घडले, आणि आज्ञावलीच्या रोजनाम्यात, म्हणजे लॉगमध्ये, त्या वेळी काय नोंदले गेले, असे अनेक रकाने असतात. त्या सर्वांत मिळून ‘चालत नाही’ हे दोन शब्द लिहिलेले आढळतात. तीन महिने त्यावर कोणी काही बोलले नाही तर एक यंत्र येऊन ती तक्रार शिळी झाल्याचे जाहीर करते आणि थोड्या दिवसांनी मिटवून टाकते, आणि नेमक्या त्याच वेळी इतके दिवस मौन पाळलेले चाळीस जण, आपणही याच दुखण्याने अंथरुणाला खिळलो होतो, असे सांगत उठून बसतात. वस्तुतः ज्या अपाचे परवान्याखाली ही आज्ञावली वाटली जाते, त्यात ती ‘जशी आहे तशी’ आणि कोणत्याही हमीविना दिलेली आहे असे लिहिलेले आहे. जुन्या हिंदू कायद्यातही कर्त्याने लबाडी केली नसेल तर मागचा हिशेब त्याच्याकडे मागता येत नाही. दोन्ही तरतुदी लोकांनी न वाचलेल्या आहेत.

दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी नवी आवृत्ती निघते, आणि डिसेंबर २०२० पासून तिला वर्ष आणि महिना यांचेच नाव असते. तिच्यासोबत कोणकोणत्या जुन्या रीती आता चालणार नाहीत याची यादी येते, आणि सुज्ञ माणूस ती यादी वाचेपर्यंत घर अद्ययावत करत नाही, तर बाकीचे गुरुवारी तक्रार लिहितात. २०२० मध्ये काही जोडण्यांची मांडणी यॅमलमधून काढून पडद्यावरील खटक्यांत नेण्याचे ठरले, तेव्हा मोकळ्या जागा मोजण्यात ज्यांची उमेदीची वर्षे गेली होती त्यांनीच सर्वांत मोठा विरोध केला, आणि वाटणीची भाषा ऐकू आली. मुक्तस्रोतातील वाटणीस फोर्क म्हणतात, आणि ती विज्ञानेश्वराला सुचली नसती अशी आहे, कारण तीत दोन्ही भावांना सगळी मिळकत सगळीच्या सगळी मिळते, भांडणाला काही उरत नाही, आणि तरीही भांडण होते.

विभक्त झालेल्यांनी पुन्हा एकत्र येण्याला शास्त्रात संसृष्टी म्हणतात, आणि मिताक्षरा ती बाप, भाऊ आणि चुलता एवढ्यांपुरतीच मान्य करते. याचेही उदाहरण या क्षेत्रात आहे: जर्मनीत काय क्रॉयत्सर यांनी २०१० मध्ये सुरू केलेल्या ‘ओपनहॅब’ या जावा भाषेतील प्रकल्पाचा गाभा २०१३ मध्ये ‘एक्लिप्स’ या मोठ्या छत्राखाली वेगळ्या नावाने नांदायला गेला आणि २०१९ मध्ये मूळ घरी परतला. तो बाप होता की भाऊ, याचा निवाडा झालेला नाही.

पैशाविषयी थोडक्यात सांगायचे तर २०१८ मध्ये होम असिस्टंटच्या मंडळींनी ‘नाबू कासा’ ही कंपनी काढून घराबाहेरून घराशी बोलण्याची सोय वर्गणीवर विकायला आरंभ केला, आणि २०२४ मध्ये प्रकल्पाची मालकी स्वित्झर्लंडमधील ‘ओपन होम फाउंडेशन’ या न्यासाकडे गेली, म्हणजे उद्या कोणाला मोह झाला तरी घर विकता येऊ नये. देवस्थानाच्या जमिनी याच हेतूने देवाच्या नावावर केल्या जात. त्यांचे पुढे काय झाले ही तुलना इथे लांबवण्याचे कारण नाही.

राहता राहिला भिंतीवरचा खटका. हुकमी दिव्याला सतत वीजपुरवठा लागतो, आणि झिग्बी नावाच्या बिनतारी पद्धतीत तर विजेवर चालणारा दिवा सहसा शेजारच्या उपकरणांचे निरोपही पुढे पोचवतो, त्यामुळे तो भिंतीवरून बंद केला गेला की केवळ एक खोली अंधारत नाही, स्वयंपाकघरातला सेन्सर मुका होतो आणि बाल्कनीतला दिवा अनुपलब्ध ठरतो. आता या घरात एखाद्या आजी असतात, ज्यांनी हा प्रकल्प मागितलेला नसतो, ज्यांना कोणतीही जोडणी ठाऊक नसते, आणि खोलीबाहेर पडताना दिवा बंद करावा हा ज्यांचा नियम विजेच्या पहिल्या बिलाइतका जुना असतो. त्यांचा हात पन्नास वर्षांच्या सरावाने, न पाहता, थेट खटक्यावर जातो. त्या हाताशी बोलू शकेल अशी जोडणी आजतागायत कोणी लिहिलेली नाही, म्हणून जगभरच्या घरांतून कर्ते लोक त्या खटक्यावर चिकटपट्टी लावतात, तिच्यावर ‘बंद करू नये’ असे लिहितात, आणि आजी ती पट्टी दर दिवाळीला, भिंत पुसताना, काढून टाकतात.