तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवस आणि एक रविवार

नागपुराहून पहाटे चारला गाडी काढायची, सिवनी-लखनादौन करत पावणेतीनशे किलोमीटर कापायचे, दिवसभरात भेडाघाट, धुवांधार, चौसष्ट योगिनी, मदन महल, बॅलन्सिंग रॉक एवढं सगळं उरकायचं आणि मध्यरात्री घरच्या कुलपाला किल्ली लावायची. अशा जबलपूर सहलीचं नाव काढलं की हल्ली सुसंस्कृत माणसं नाक मुरडतात. स्थळं कशी निवांत पाहावीत, मुरवावीत, दगडांशी संवाद साधावा, असं त्यांचं म्हणणं. 'उरकणे' या क्रियापदाविषयी तर त्यांना विशेष घृणा. खरं तर मराठी माणूस लग्न उरकतो, अंघोळ उरकतो, देवदर्शनही उरकतो. त्यानं तेवढा धबधबा मात्र मुरवावा, ही अपेक्षा अन्यायाची आहे. मी उरकणाऱ्यांच्या बाजूचा आहे. कारण साधं अंकगणिताचं आहे.

भेडाघाटचा संगमरवर दीड अब्जाहून अधिक वर्षांचा. त्यातून वाट कोरत नर्मदेनं दोन्ही बाजूंना तीस-तीस मीटरांचे कडे उभे केले आणि त्यासाठी किती काळ घेतला हे विचारायची कुणाची छाती नाही. आता या हिशेबात नावेतून तासाभरात फिरून येणारा 'उथळ' आणि आठवडाभर घाटावर बसून राहणारा 'सखोल' यांच्यातला फरक काढून दाखवा. समुद्रात एकानं वाटी ओतली, दुसऱ्यानं तांब्या. भरती आली का म्हणून दोघांनीही बघायला थांबू नये. संगमरवराच्या दृष्टीनं दोघेही येऊन गेलेच नाहीत.

यावर निवांतवाद्यांचं उत्तर ठरलेलं असतं: प्रश्न दगडाच्या वयाचा नाही, बघणाऱ्याच्या लक्षाचा आहे. ठीक. मग लक्ष देऊन, सावकाश नर्मदा पाहण्याची आपल्याकडची परमावधी घेऊ. पायी परिक्रमा, रीतीप्रमाणे तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवस. मराठी माणसांचं या परिक्रमेवर इतकं प्रेम, की ती करून आल्यावर पुस्तक लिहिणं हा विधीचाच भाग असावा असं वाटतं. पण परिक्रमेचा नियम असा, की समुद्रापाशी पोचेपर्यंत नर्मदा ओलांडायची नाही. त्यामुळे पात्रात मध्यभागी जाऊन, मान मागे टाकून दोन्ही कडे एकदम बघायचे, तर नाव परिक्रमावाशाला वर्ज्य. म्हणजे तीन वर्षं चालणाऱ्याला जे दिसत नाही, ते रविवारी आलेल्या आणि डिकीत पोळीभाजीचा डबा ठेवलेल्या कुटुंबाला दिसतं. वर नावाड्याची यमकं जुळवलेली कॉमेंट्री ऐकायला मिळते ती वेगळीच. कुठल्या कड्यापाशी कुठल्या सिनेमाचं शूटिंग झालं याबाबत तिचा तपशील पुरातत्त्व खात्याला लाजवील.

आणि ज्यांचा आधार निवांतवाद्यांनी घ्यावा, ते जबलपूरचेच अमृतलाल वेगड तरी काय करत होते? चित्रकलेचे शिक्षक. 1977 साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, त्यांनी नर्मदेकाठी चालायला सुरुवात केली. पण एकसलग नाही. जमेल तेव्हा जायचं, एक तुकडा चालायचा, घरी यायचं, पुन्हा पुढचा तुकडा. नर्मदेवर इतकं सुंदर लिहिणाऱ्या माणसाला ती हप्त्यांनी चालली, तर आपल्या रविवारालाही एक लहानसा हप्ता म्हणायला हरकत नसावी. (वेगड प्रत्येक हप्ता पायी चालत होते, ही अडचण आहे. पण वकिलानं आपल्याच अशिलाची उलटतपासणी घेऊ नये.)

घाईत लक्ष जातच नाही, हेही मला पटत नाही. शंभराहून अधिक पायऱ्या चढून धापा टाकत वर गेलं, की चौसष्ट योगिनींचं गोल मंदिर लागतं. साधारण दहाव्या शतकातलं, कलचुरींचं. भाविक नमस्कार करतो, रसिक मूर्तींच्या भंगलेल्या हातांकडे बघून निःश्वास टाकतो, दोघेही मोजत नाहीत. यादीवर टिकमार्क करत आलेला माणूसच मोजायला लागतो, आणि मग कळतं की वर्तुळात कोनाडे चौसष्ट नाहीत, एक्क्याऐंशी आहेत. दामदुपटीच्या या देशात सव्वापट जास्त माल देऊन पाटी जुन्याच आकड्याची ठेवणारं हे एकच ठिकाण असेल. मदन महलाची तऱ्हा नेमकी उलटी. नाव महालाचं, आणि प्रत्यक्षात एका प्रचंड शिळेवर बसवलेली गोंडांची आटोपशीर चौकी. शेवटचा मुद्दा स्लीमन साहेबाचा. ठगांच्या मागे लागण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या या माणसाला 1828 मध्ये जबलपुरात डायनोसॉरची हाडं सापडली. तेव्हा डायनोसॉर हा शब्दसुद्धा जन्मला नव्हता. तो काही हाडांशी संवाद साधायला आलेला नव्हता. त्याला दुसरी कामं होती.

राहिला आक्षेप फोटोंचा: ही मंडळी बघत नाहीत, फक्त फोटो काढतात. पण जबलपुरात फोटोची परंपरा थोर आहे. 1939 च्या त्रिपुरी काँग्रेसला सुभाषबाबू तापानं फणफणलेले, तेव्हा बावन्न हत्तींच्या रथातून अध्यक्ष म्हणून त्यांची तसबीर मिरवली आणि लोकांनी ती भक्तिभावानं पाहिली. शिवाय बॅलन्सिंग रॉकपाशी फोटोखेरीज करण्यासारखं आहे काय? एका शिळेवर दुसरी शिळा अगदी थोड्याशा टेकूवर उभी आहे. 22 मे 1997 च्या पहाटे भूकंपानं जबलपुरातली घरं पाडली, ही हलली नाही. जे घडलं नाही ते बघायला लोक येतात, आणि प्रत्येक घरातला एक काका तिला हात लावून ढकलल्याचा आव आणतो. भूकंपाला जे जमलं नाही ते काकांना जमेल या आशेनं बाकीचे मोबाइल रोखून उभे राहतात.

एवढ्यावर खटला जिंकल्यात जमा आहे, पण दोन गोष्टी मान्य करतो. पावसाळ्यात नाव बंद असते, तेव्हा माझा निम्मा युक्तिवाद चार महिने रजेवर जातो. आणि दुसरी, खव्याची जिलेबी. काळपट, जाडजूड, पाकानं जड झालेली. ती घाईत खाता येत नाही. गाडी चालू ठेवून, एक पाय बाहेर काढून, 'पॅक करून द्या' म्हणणाऱ्याला ती सिवनीपर्यंत हातात चिकटून राहते, स्टीअरिंगलाही.