शेवटी मिटेल तिचा इतिहास

औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा होणार, २०२३च्या एप्रिलमध्ये केंद्राने तिला २,६०० कोटी मंजूर केले, तेव्हापासून तिथल्या कामाच्या आशेने माझा भाचा लिनक्स शिकतो आहे. चार-चार किलोमीटरच्या भुजा उभ्या राहतील तेव्हा राहतील. भाच्याच्या टेबलावर, संगणकाच्या पडद्यावर, आज्ञा टंकायच्या काळ्या खिडक्या आत्ताच उभ्या आहेत. एकीत प्रोग्राम चाललेला, दुसरीत चुका शोधणं, तिसरी कशाला उघडली ते आठवत नाही, पण मिटायचा धीर होत नाही.

प्रत्येक खिडकीत टंकलेल्या आज्ञा पाळणारा एक प्रोग्राम, बॅश, बसलेला असतो. ब्रायन फॉक्सने १९८९ साली आणलेला हा गडी तसा सज्जन, दिलेली प्रत्येक आज्ञा मुकाट्याने लक्षात ठेवतो. एक खोड मात्र आहे. मूळ घडणीप्रमाणे तो या आठवणी फायलीत उतरवतो ते खिडकी मिटताना, आणि उतरवताना फायलीत आधी असलेलं पुसून आपलं लिहितो. तीन खिडक्यांत दिवसभर राबा, टिकतं ते शेवटी मिटलेल्या खिडकीचं. ग्रामसभेचं इतिवृत्तही पुष्कळदा शेवटी उठणाराच लिहितो, म्हणून मला याचं फारसं नवल वाटलं नाही.

आणि लाइट गेली तर? खिडकी रीतसर मिटलीच नाही, म्हणजे कुणाचंच काही उतरलं नाही. “मामा, सकाळी एवढी लांबलचक आज्ञा जमली होती, समदी गेली!” भाच्याचा फोन. त्यावर इलाज आहे. ‘हिस्टअपेंड’ चालू केलं की बॅश पुसत नाही, खाली जोडतो. काही लिनक्सवाले हे आधीच करून देतात. ‘हिस्टरी’ या आज्ञेला ‘ए’चं शेपूट लावून ते दर आज्ञेनंतर आपोआप चालेल असं ठेवलं, की जे टंकलं ते तेव्हाच फायलीत. शिवाय ‘एन’चं शेपूट लावलं, तर शेजारच्या खिडक्यांतलं नवंही ही खिडकी वाचून घेते. भाच्याने अर्थातच दोन्ही लावली.

आता तो वरचा बाण दाबतो तर स्वतःची मागची आज्ञा येतच नाही, शेजारणीची येते. ती फायली उडवणाऱ्या ‘आरएम’ने सुरू होणारी असली आणि बोट आधीच एंटरवर गेलेलं असलं, तर पुढचं सांगायला नको.

नामदेवांचं गाव म्हणून सांगतात ती नर्सी आमच्याच जिल्ह्यातली. त्यांच्या नावावरच्या गाथेचं असंच झालं आहे. कीर्तनकारांच्या बाडांतून अभंग उतरत गेले, मागाहून झालेल्या विष्णुदास नाम्याचेही त्यात मिसळले, आणि नाममुद्रा सगळ्यांची ‘नामा’च. कोणता अभंग कुणाचा हे अभ्यासक अजून निवडताहेत. बॅशच्या फायलीत निदान वेळ नोंदवायची सोय आहे, पण कोणत्या खिडकीने काय म्हटलं ते तिथेही लिहिलेलं नसतं. गाथेला ही सरमिसळ शोभते. तिथे कुणाचंही तोंडी आलं तरी पुण्यच लागतं, फायली उडत नाहीत.

म्हणून माझं मत साधं आहे. ‘ए’ ठेवा, ‘एन’ काढा. लिहिताना सगळ्यांनी एकाच वहीत लिहावं, बाण दाबल्यावर मात्र ज्याचं त्याला मिळावं. लक्षात ठेवायची मर्यादा मुळात ५०० आज्ञांची असते, ती सढळ हाताने वाढवावी. पासवर्डसारखं काही असेल तर आज्ञेआधी एक मोकळी जागा सोडावी. तशी सूचना दिलेली असली तर बॅश ती ओळ ऐकून न ऐकल्यासारखी करतो. एवढा समंजसपणा आमच्या भावकीत कुणाजवळ नाही.

भाच्याला पटलं, पण शंका उरलीच. “मंग ह्या खिडकीत त्या खिडकीचं पाहिजे असलं तर?”

“नवी उघड. ती उघडतानाच सगळी फाईल वाचते.”

त्याने उघडली. सध्या सात आहेत.