हिंगोली जिल्हा परिषदेच्या गैरहजर निवडणुकीस अनावृत पत्र

प्रति,
श्रीमती निवडणूक,
जिल्हा परिषद व पाच पंचायत समित्या, हिंगोली
(मुक्काम : न्यायप्रविष्ट)

विषय : मतदान केंद्रावर उपस्थित राहण्याबाबत.

उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, जिल्ह्यातील मतदारांची पुरेशी जागृती झाली असून आता खुद्द निवडणुकीस जागे करण्याची वेळ आली आहे. २६ एप्रिल २०२४ च्या लोकसभा मतदानापूर्वी आणि २० नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा मतदानापूर्वी ‘स्वीप’ या मतदार-शिक्षणाच्या सरकारी उपक्रमातून प्रभातफेऱ्या निघाल्या, रांगोळ्या सजल्या, शपथाही झाल्या. ऊसतोडीला परजिल्ह्यात गेलेल्या मजुरानेही मतदानासाठी गावी परतावे, अशी अपेक्षा ठेवणाऱ्या व्यवस्थेने निवडणुकीकडून मात्र तेवढीही अपेक्षा ठेवलेली दिसत नाही.

श्रीमती निवडणूक यांचे शेवटचे दर्शन फेब्रुवारी २०१७ मध्ये घडले. तेव्हा ५२ गटांतून, म्हणजे प्रत्येकी एक सदस्य देणाऱ्या मतदारसंघांतून, निवडून आलेल्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. आणि मुदत संपण्यापूर्वीच नवी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे असे राज्यघटनेचे कलम २४३-ई बजावत असतानाही त्या जागी प्रशासक आले. प्रशासक म्हणजे लोकनियुक्त सभागृहाचे सर्व अधिकार एकहाती वापरणारा अधिकारी. ही व्यवस्था फारच नीटनेटकी असते, कारण ठराव मांडणारा, मंजूर करणारा आणि अंमलात आणणारा एकच असल्याने सभात्याग होत नाही, गणपूर्तीची चिंता उरत नाही आणि शाळेच्या गळक्या छताबद्दल उभे राहून प्रश्न विचारणारा सदस्यही आडवा येत नाही.

गैरहजेरीचे कारण ओबीसी आरक्षण असे नोंदविले जाते. सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२१ च्या निकालात तिहेरी चाचणी सांगितली : स्वतंत्र आयोगाने मागासलेपणाची पाहणी करावी, तीवरून प्रत्येक संस्थेतील आरक्षणाचे प्रमाण ठरावे आणि एकूण आरक्षण ५० टक्क्यांपुढे जाऊ नये. अटी अवाजवी नव्हत्या. त्या पाळण्याची घाई कोणालाच नव्हती, हे खरे दुखणे. पुढे ६ मे २०२५ रोजी न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका उरकण्याचा आदेश दिला, तीही मुदत उलटली, आणि जानेवारी २०२६ मध्ये ५० टक्क्यांच्या आत बसणाऱ्या १२ जिल्हा परिषदांचा कार्यक्रम जाहीर झाला तेव्हा त्यात परभणी होती, हिंगोली नव्हती. १९९९ मध्ये ज्या परभणीतून हिंगोली वेगळी झाली, तिला बोलावणे आले आणि लेकीला वगळले गेले.

तरी श्रीमती निवडणूक यांनी आपल्या आगमनाचा दिनांक त्वरित कळवावा, ही विनंती.

प्रत माहितीस्तव व कार्यवाहीस्तव : मतदार यादीत नाव असलेले सर्व नागरिक. त्यांनी यादीतील आपली नोंद तपासून ठेवावी, आणि पुढील ग्रामसभेत ही गैरहजेरी विषयपत्रिकेवर घ्यायला लावावी.