गाडी खाली, शॉकअप जुनेच

एमएच-२३ पाटीच्या गाड्यांना सध्या जमिनीची ओढ लागली आहे. आखूड, कडक स्प्रिंगा टाकायच्या, शॉकअप मात्र कंपनीचेच ठेवायचे. खर्च निम्मा, रुबाब पुरा. मूळ स्प्रिंगच्या मापाने घडलेल्या शॉकअपचा दांडा आता कायम अर्धा आत. खड्डा आला की तो थेट रबरी ठोकळ्यावर आपटतो, आणि कडक स्प्रिंगची उसळी आवरणं त्याच्या कुवतीबाहेरचं. खोंड माजलं, कासरा तोच! मग गेवराईपासून मांजरसुंब्यापर्यंत मालक मान डोलावत येतो. लोकांना वाटतं, गाणं चांगलं लागलंय.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाने गतिरोधक १० सेंटिमीटर उंच. आमच्याकडे तो टेपने नव्हे, श्रद्धेने उभारतात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलात परस्पर बदल करू देत नाही. पण आरटीओ येण्याआधीच गतिरोधक चेंबरची तपासणी उरकतो. शॉकअपचे वाचलेले पैसे आधी चेंबर खातं, मग टायर, उरलेले कमरेचा डॉक्टर. रुबाब तेवढा शाबूत राहतो, जमिनीपासून चार बोटं वर.