मिटल्या डोळ्यांची मंडळी

मंडळीत उघडपणे भांडणं शोभत नाही. त्यामुळे आमच्या नगरकडे ती सोय प्रार्थनेत केलेली आहे. "हे प्रभू, आमच्यातल्या काहींना वर्गणी वेळेवर भरायची बुद्धी दे," असं खजिनदार डोळे मिटून म्हणतात. 'काही' म्हणजे कोण हे प्रभूला ठाऊक असतंच. तिसऱ्या बाकावरच्या गृहस्थांनाही कळावं एवढा आवाज खजिनदार लावतात. पुढच्या घरसभेत हे गृहस्थ "हिशेब ठेवणाऱ्यांना निर्मळ अंतःकरण" मागतात. मी दोन्हींना आमेन म्हणतो. पाळकाला दोन्ही घरी जेवायला जायचं असतं.

कापणीच्या सणाला मात्र प्रभू त्यांना समोरासमोर आणतो. अर्पण आलेल्या कोंबड्या, अंडी, बाजरी यांचा लिलाव होतो. मागच्या खेपेला एका डांगर भोपळ्यावरून दोघं असे पेटले, की भोपळ्याच्या किमतीत कोंबडी आली असती. शेवटी तिसऱ्या बाकाची सरशी झाली आणि गृहस्थ ऐटीत म्हणाले, "लिहून ठेवा माझ्या नावावर!"

काही प्रार्थना म्हणजे निव्वळ वार्तापत्र. "हे पित्या, तुला ठाऊकच आहे, की धाकट्याला पुण्यात नोकरी लागली आणि पगारही बरा आहे..." पित्याला ठाऊक असतं. शेजारच्या काकूंना नसतं.

घरसभेच्या शेवटी पोह्यांवर आशीर्वाद मागायचा असतो. हे काम एका ज्येष्ठ आजोबांकडे असतं आणि ते आदामापासून सुरुवात करतात. नोहाच्या तारवापर्यंत चहावर साय धरते. संदेष्टे येईतो पोह्यांवरचं खोबरंही निराश दिसू लागतं. (पाळकानं डोळे उघडले हे पाळकालाच माहीत असतं, असा माझा समज होता. "पाळकसाहेब, तुम्ही बघत होता," असं यजमानांच्या नातवानं सगळ्यांदेखत सांगितलं. त्याला कसं दिसलं, हे कुणीच विचारलं नाही.) येशूनं मत्तयाच्या सहाव्या अध्यायात वायफळ बडबड नको असं बजावून जी प्रार्थना शिकवली, ती सावकाश म्हटली तरी अर्ध्या मिनिटात होते. पाण्यावर चालता चालता पेत्र बुडू लागला, तेव्हा तर मूळ ग्रीकमध्ये तीनच शब्द ओरडला. आमचे आजोबा त्याच्या जागी असते, तर 'आकाश आणि पृथ्वीच्या उत्पन्नकर्त्या' म्हणेपर्यंतच नाकात पाणी गेलं असतं.

महिला मंडळात एक आजी आहेत. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड टिळकांनी देवाशी घरच्या माणसासारखं बोलणारी भजनं आम्हांला दिली. आजींना त्यांतली बरीच पाठ आहेत. प्रार्थनेची पाळी आली की त्या एक कडवं म्हणतात, "बाकी तुला माहीत," म्हणतात आणि खाली बसतात. एवढ्यात माझे डोळे नीट मिटलेलेही नसतात. आजींनंतर प्रार्थना करायला मला अवघड जातं.

उपदेशाचं मात्र वेगळं. पाळकानं आटोपतं घ्यावं, अशी सूचना कमिटीत आली तेव्हा मी त्रोवसचा दाखला दिला. तिथे पौलाचं भाषण मध्यरात्रीपर्यंत चाललं आणि खिडकीत पेंगणारा युतुख तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. पौलानं खाली जाऊन त्याला जिवंत उठवलं, वर येऊन भाकर मोडली आणि पहाटेपर्यंत पुन्हा बोलत राहिला! कमिटी गंभीर झाली. सेक्रेटरींनी विचार करून सांगितलं, की आपलं मंदिर तळमजल्याचं आहे, तेव्हा पडायची भीती नाही. पण पाळकसाहेबांना पुढलं काम जमणार असेल तरच पौलाएवढा वेळ द्यावा.