प्रबंध माझा, मुखपृष्ठावर नाव तुमचं

प्राध्यापक महाशय,



तुमचं नवं पुस्तक अकोल्यात विकत घेतलं. पावतीही जपून ठेवली आहे, ती पुढे लागणार आहे. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यातल्या बाया आणि पिण्याचं पाणी, हा विषय पाहून आधी आनंदच झाला. या गावांवर लिहावं तेवढं थोडंच. तिसरं प्रकरण उघडलं आणि माझ्याच पीएच.डी. प्रबंधातली वाक्यं एकामागून एक समोर आली, स्वल्पविरामांसकट.

प्रकरणाच्या शेवटी अकोट तालुक्यातल्या विहिरीवर हंडा भरणाऱ्या आजींचा फोटो आहे. त्याच्या कोपऱ्यात माझ्या स्कुटीचा आरसा दिसतो. खाली छापलंय, ‘छायाचित्र : लेखक’. त्या आजी मला म्हणाल्या होत्या, “पानी खारं हाये बाई, पन गाव सोडून जावं कुठी?” हे छापायला त्यांनी होकार दिला तो मला. तुम्ही त्यांच्या दारातही गेला नाहीत.

फोन केला तेव्हा तुम्ही म्हणालात, “शोधगंगेवर सगळ्यांसाठी खुलंच आहे की!” शोधगंगा हे प्रबंधांचं ऑनलाइन भांडार; खुलं आहे ते वाचायला. तिथला क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना मूळ लेखकाचं नाव द्यायला सांगतो आणि व्यापारी वापराला मनाई करतो. तुम्ही नाव गाळलं आणि किंमत छापली.

खारपाणपट्टा माझ्या मालकीचा नाही. माझे निष्कर्ष घ्या, खोडून काढा, नाव देऊन उतारा उद्धृत करा. संशोधन आणि समीक्षेसाठी रास्त वापराची मुभा १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये आहे. अख्खं प्रकरण उचलणं त्यात बसत नाही. प्रबंध लिहिला त्या क्षणी हक्क माझा झाला, त्यासाठी नोंदणी लागत नाही. आयएसबीएन हा पुस्तकाचा ओळखक्रमांक आहे, मालकीचा दाखला नव्हे.

बढतीसाठी हे पुस्तक जोडणार असाल, तर वाङ्मयचौर्याबाबतचे यूजीसीचे २०१८ चे विनियम आधी वाचा. साम्य ६० टक्क्यांवर गेलं तर लेखन मागे घ्यावं लागतं, सलग दोन वेतनवाढी जातात आणि तीन वर्षं नवा संशोधक विद्यार्थी घेता येत नाही. जाणूनबुजून केलेल्या कॉपीराइटभंगाला कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे.

पुस्तक बाजारातून मागे घ्या आणि लेखी खुलासा छापा. नाही तर तक्रार विद्यापीठातही जाईल आणि कोर्टातही.

अमरावती-अकोल्यात पीएच.डी. करणाऱ्या माझ्या भावाबहिणींनो, टिपणवह्या, मूळ फोटो, मुलाखतींची रेकॉर्डिंग तारखांसकट जपा. प्रकाशकाच्या करारावर हक्कांची मुदत वाचल्याशिवाय सही करू नका. आणि गाईड असो की विभागप्रमुख, तुमचं लेखन कुणी स्वतःच्या नावावर छापलं तर गप्प बसू नका.

आपली,
एक संशोधक, अमरावती