स्पर्धा असावी तर अशी

बारावीनंतर बीबीए, बीएमएस करू इच्छिणाऱ्यांसाठी राज्याने 2024 पासून सीईटी सक्तीची केली, हे फार उत्तम झाले. त्याआधी पोरे बारावीच्या गुणांवर थेट कॉलेजात शिरत. व्यवस्थापनासारखा भारदस्त विषय, आणि कपाळावर घामाचा थेंबही नाही!

आता कशी कडवी झुंज असते. पहिल्याच वर्षी जागा लाखाच्या वर आणि मे महिन्यात परीक्षेला बसलेले पन्नास हजारांच्या आत. म्हणजे एकेका उमेदवाराला दोन-दोन खुर्च्यांशी एकट्याने लढायचे होते. एवढे तुंबळ युद्ध म्हटल्यावर क्लास लावणे ओघाने आलेच. तरीही खुर्च्या रिकाम्या राहण्याचा हट्ट सोडीनात, तेव्हा ऑगस्टमध्ये परीक्षा पुन्हा घेतली. आमची नम्र सूचना अशी, की यापुढे सीईटी जागांचीच घ्यावी. ज्या जागा नापास होतील त्यांना एटीकेटी द्यावी आणि पर्सेंटाइल वर्तमानपत्रात छापावेत.

व्यवस्थापनाचे पक्के ज्ञान मात्र काही कॉलेजांनी प्रवेशाआधीच दाखवले. त्यांनी बीएमएसची पाटी उतरवली आणि ‘बीकॉम, मॅनेजमेंट स्टडीज’ अशी नवी रंगवून घेतली.

बीकॉमला सीईटी लागत नाही.